'रिझर्व्ह' म्हणजे काय?

परवा आमची धाकटी मुलगी शाळेतून हिरमुसून आली. म्हणाली, ''बाबा, रिझर्व्ह म्हणजे फुकटचं का हो? मुलं तसं चिडवतात.'' आमच्या हातातला घास हातातच राहिला. आमची नोकरीही राखीव जागेवरचीच. कचेरीत कोणी टोमणा मारला की आम्हीही मान खाली घालत आलो.

आम्ही तिला जवळ बसवले. शब्द एकच, पण वापर किती! रेल्वेत सीट रिझर्व्ह असते. तिथे बसणाऱ्याला कोणी फुकट्या म्हणत नाही. आम्ही बी.कॉम., रोजचे काम हिशेबाचे. हिशेबात रिझर्व्ह म्हणजे नफ्यातून पुढच्या अडचणीसाठी बाजूला काढलेली रक्कम. ती कमाईतलीच असते, भीक नव्हे.

मग पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आपल्या वाडवडिलांची कमाई कोणाच्या खात्यावर जमा झाली? शाहू महाराजांनी हा हिशेब ओळखला आणि १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखल्या. १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखीव झाल्या. पुढे घटनेच्या कलम १६(४) ने नोकरीतील राखीव जागांना आधार दिला. १९५६ साली धम्म स्वीकारलेल्या आपल्या समाजाला केंद्रात हा हक्क मिळायला मात्र १९९० साल उजाडावे लागले.

''म्हणजे आपलंच ना, बाबा?''

''होय बाळ, आपलंच. पण ज्यानं त्यातून घेतलं, त्यानं समाजाच्या खात्यावर परत जमाही केलं पाहिजे.''

दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेने शाळेत गेली. आम्हीही कचेरीत तसेच गेलो.

जयभीम!