बोटभर योद्धा

आज ऑर्क नावाच्या राक्षसाच्या चिमुकल्या मूर्तीचा चेहरा रंगवून पुरा झाला. इंग्लंडमधल्या सिटाडेल मिनिएचर्स या कंपनीने १९७९पासून असे राक्षस, बुटके, मांत्रिक घडवले. माणसाची मूर्ती साधारण २८ मिलिमीटरची. एवढ्याशा अंगावर खरा उजेड पुरेशी ठळक सावली पाडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. आधी काळा प्रायमर, मग वरून पांढऱ्याचा हलका फवारा. प्रकाश कुठून येतो, ते तिथेच ठरतं. हिरव्या कातडीच्या सावलीत मी काळा घालत नाही, किंचित तांबूस-जांभळा मिसळते. कातडीत रक्त खेळू लागतं. या क्षणासाठी मी कितीही रात्री जागेन.

फोटोचं काम वेगळंच. इतक्या जवळून नाकावर फोकस धरला की कुऱ्हाड धूसर होते. मग ट्रायपॉड लावायचा, अ‍ॅपर्चर एफ ११च्या आसपास न्यायचं, दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धरायचा. अ‍ॅपर्चर त्याहून फार बारीक केलं तर सगळंच चित्र मऊ पडतं. संगणकाच्या पडद्यावर मूर्ती हातभर होते आणि ब्रशचा प्रत्येक फटकारा दिसतो. काहीजण फोटोतले ते फटकारे पुसून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. रंगवणाऱ्याचा हात तिथेच तर भेटतो. तुम्ही रंगवत असाल, तर फोटो जरूर काढा, पण तो गुळगुळीत करू नका.