मुकें वर्तुळ

उतारवयांत नवी लिपि गिरवावयास बसणें हा थोडा हास्यास्पद उद्योग खरा. परंतु घरांतील मुलें कोरियन भाषा शिकूं लागलीं, तेव्हां आम्हांसही मोह आवरला नाहीं. पायाभूत २४ वर्ण लवकरच ओळखीचे झाले. खरी परीक्षा पुढेंच होती. हे वर्ण इंग्रजीप्रमाणें एकापुढें एक मांडावयाचे नसतात. एका अक्षराचे सारे वर्ण एकाच चौकटींत बसवावे लागतात.

आरंभ आमच्या गांवापासून केला. ‘बारामती’ विनासायास उतरली. डावीकडे व्यंजन, उजवीकडे उभ्या रेघेचा स्वर. चार अक्षरें, चार चौकटी. शेजारच्या ‘इंदापूर’नें मात्र अडविलें. कोरियन चौकट नुसत्या स्वरानें उघडत नाहीं. आधीं एक मुकें वर्तुळ काढावें लागतें. सावरकरांच्या लिपिसुधारणेंतील ‘अि, अु’मध्यें ‘अ’ जें काम करतो, तेंच हें वर्तुळ करतें. आपला अनुस्वार डोक्यावर चढतो. तेथें ‘न’ चौकटीच्या तळाशीं जातो. ‘पू’चा स्वर आडव्या रेघेचा, म्हणून तो आपल्या उकारासारखाच खालीं येतो. शेवटचा ‘र’ त्याच चौकटीच्या तळाशीं घालावा, तर त्याचा उच्चार ‘ल’ होऊन गांवाचें ‘इंदापुल’ होतें! तेव्हां त्यास एका स्वराचा आधार देऊन निराळी चौकट देणें प्राप्त होतें.

या खटाटोपांत आपल्याच बाराखडीकडे नव्यानें पाहावेंसें वाटलें. ‘दिवस’ या शब्दांत वेलांटी ‘द’च्या आधीं बसते, उच्चार मात्र तिचा मागाहून होतो. जाणत्यास हें खटकत नाहीं. पहिलींतलें मूल तेथेंच अडखळतें, आणि वडील मंडळी त्यास मंद ठरवून मोकळी होतात.

कोरियाचा राजा सेजोंग यानें १४४३ मध्यें ही लिपि सिद्ध केली व १४४६ मध्यें ती प्रसिद्ध केली. चिनी अक्षरें सामान्य प्रजेच्या आवांक्याबाहेरचीं होतीं. मनांतलें लिहून दाखविण्याची तिला सोय नव्हती. तेथील पंडितांस ही सोपी लिपि हलकी वाटली, यांत नवल नाहीं. कष्टानें मिळविलेली विद्या सर्वांस सहज मिळूं लागली कीं पंडितांस तें रुचत नाहीं. आपल्याकडे न शिकलेल्यास ‘अक्षरशत्रु’ म्हणतात. शब्द मोठा निर्दय आहे. अक्षरांशीं कोणाचें वैर नसतें. पुष्कळांच्या दारापर्यंत तीं पोंचलेलींच नसतात. सेजोंगनें दोष प्रजेला न देतां लिपीला दिला, हें आम्हांस त्याच्या बुद्धीहूनही थोर वाटतें.