तुरटपणाची मीमांसा

मराठी समीक्षेने ‘आस्वाद’ हा शब्द इतका वापरला आहे की त्यातील जिभेचा अंश आता कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्पष्टीकरण केले ते जेवणाऱ्या माणसाच्या दृष्टांताने. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सुमनस माणसे जशी चाखतात, तसा प्रेक्षक स्थायी भाव चाखतो, असा त्याचा आशय. पुढे अभिनवगुप्ताने ‘चर्वणा’ हा शब्द रूढ केला. तोही दातांशी नाते सांगणारा. म्हणजे आपली सबंध काव्यमीमांसा एका रूपकावर उभी आहे आणि ते रूपक स्वयंपाकघरातून आलेले आहे. मग खरोखरीची एखादी अपरिचित चव समोर आली, तर या मीमांसेत वाढलेल्या मराठी वाचकाला तिच्याविषयी काय बोलता येते? प्रश्न वरकरणी गमतीचा आहे. पण समीक्षेच्या भाषेची परीक्षा पाहणारा आहे.

मद्याच्या बाबतीत तर ही परीक्षा अधिकच कठीण. मराठीत या विषयाची वाङ्मयीन भाषा घडवली ती गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने (1919). त्या नाटकातील तळीराम सामान्यनाम होऊन बसला. गाण्याला दर्दी असतो, जनावराला पारखी असतो. दारूला मात्र तळीरामच. दुसरी परंपरा माधव जूलियनांच्या उमर खय्यामाची, ‘द्राक्षकन्ये’ची. तेथे मद्य आहे ते क्षणभंगुरतेचे प्रतीक म्हणून. ते आंबट होते की तुरट, याची चौकशी करण्याचे कारणच पडत नाही. एका परंपरेत प्याला हे पाप, दुसरीत प्रतीक. चव दोहोंतही नाही. नारायणगावच्या द्राक्षांपासून इंडेज कंपनीने 1980 च्या दशकात फेसाळती वाइन तयार केली, तेव्हा परदेशी बाजारासाठी तिला नाव दिले गेले ते ‘ओमर खय्याम’. वस्तू मराठी मातीची, पण तिचे नामकरण कवितेकडून उसने घ्यावे लागले.

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर मुंबईहून आलेला रस्ता दुभंगतो. एक फाटा घोडबंदरकडे वळतो, दुसरा साकेतच्या पुलावरून खाडी ओलांडून भिवंडी, कसारा घाट असे करीत नाशिकला पोचतो. या रस्त्याने पिढ्यान्‌पिढ्या भाजी, कांदा, खाण्याची द्राक्षे मुंबईकडे उतरत आली. राजीव सामंत यांची सुला 1999 मध्ये नाशिकला उभी राहिली आणि 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण आखले, त्यानंतर याच रस्त्याने बाटल्याही येऊ लागल्या. सुलाला प्रारंभी मार्गदर्शन लाभले ते कॅलिफोर्नियातील सोनोमाच्या केरी डॅम्स्की यांचे. पण कॅलिफोर्निया त्याच्या कितीतरी आधी आपल्या शेतात आलेला होता. मराठी शेतकरी ज्याला ‘थॉमसन’ म्हणतो, त्या बिनबियांच्या द्राक्षाला ते नाव मिळाले ते कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन नावाच्या बागाईतदारामुळे. आणि त्याच थॉमसनमधून तासगावकडच्या बागाईतदाराने निवडलेल्या वाणाला ‘तास-ए-गणेश’ असे अस्सल सांगलीकडचे नाव पडले. शेतकऱ्याने परके वाण स्वीकारले, त्यातून आपले निवडले आणि त्याला आपला शब्द दिला. वेलीच्या बाबतीत जे झाले, ते चवीच्या बाबतीत व्हायचे राहिले आहे.

नाशिकच्या वेलीचे वेळापत्रकही परक्या पुस्तकात बसत नाही. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपी जाते. येथे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच. युरोपात शरद ऋतूत होणारी तोडणी येथे थंडीअखेर, जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते. कोरडे उबदार दिवस आणि गार रात्री यांच्या ओढाताणीत मण्यात साखर भरते. बियांचा आणि सालीचा कच्चेपणा त्याच वेगाने उतरला नाही, तर तो तांबड्या वाइनमध्ये जिभेला कळतो.

अशाच एका छोट्या, नव्या द्राक्षमद्यशाळेच्या तीन तांबड्या वाइन डिसेंबरातील एका संध्याकाळी माजिवड्याच्या एका सदनिकेत चाखल्या गेल्या. बाटल्यांना कागद गुंडाळलेला. यजमान बँकेतील अधिकारी. सोबत रसायनशास्त्राच्या एक अध्यापिका, मराठीचे एक निवृत्त शिक्षक आणि जुन्या माजिवडे गावातील एक शेजारी. ‘खोलीच्या तापमानाला’ या युरोपीय सूचनेतली खोली ठाण्यातली नव्हे, एवढे यजमानांना ठाऊक होते. म्हणून बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेल्या होत्या. पहिल्या पेल्यात जांभळाचा रंग आणि जांभळाचाच गर होता. मागाहून घशाशी काळ्या मिरीची धग आली. दुसरीत ढोबळी मिरचीचा हिरवट वास, मग जीभ कोरडी करणारा दीर्घ तुरटपणा. तिसरी सर्वांत विलक्षण. एका घोटात मनुकांचा पाक आणि पिकायच्या आधीची करवंदे. कागद काढल्यावर क्रम कळला: शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ, झिन्फँडेल. झिन्फँडेलच्या एकाच घडात काही मणी सुकून मनुका होतात तेव्हा काही अजून कच्चेच असतात. त्या असमान पिकण्याची साक्ष जिभेने नाव माहीत नसताना दिली होती. कॅबर्ने तिघींत दुबळी ठरली. तिचा तुरटपणा मोठा होता, पण त्याला पेलणारे फळ तिच्यात नव्हते.

येथे वाद झाला. निवृत्त शिक्षकांना पहिल्या पेल्यात मिरी मुळीच जाणवली नाही. त्यांच्या मते ते सगळे इंग्रजी मासिके वाचून आलेले होते. अध्यापिकेने त्यावर सांगितले ते महत्त्वाचे. शिराझमधील मिरीचा वास ज्यामुळे येतो ते रोटंडोन ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये ओळखले. काळ्या मिरीतही तेच असते, आणि चाचणीत सुमारे पाचांतील एकाला ते भरपूर प्रमाणात असूनही जाणवले नाही. म्हणजे मिरी ही उपमा नव्हतीच, ते नुसते विधान होते. आणि शिक्षकही खोटे बोलत नव्हते.

शेजारी पीत नव्हते. ऐन उमेदीत वडील दारूने गेले, त्या दिवसापासून त्यांनी पेल्याला ओठ लावलेला नाही. आग्रह कोणी केला नाही. दुसरा पेला त्यांनी नुसता नाकाशी धरला आणि म्हणाले, “आमच्या आजीची पानाची पेटी उघडल्यासारखं वाटतंय. कात.” पेला त्यांनी लगेच दूर ठेवला. जमलेल्यांत सर्वांत नेमका शब्द तो होता. पानात मुरलेल्यांना कात म्हणजे तुरटपणा. त्याचा वास आणि त्याची चव वेगळी काढता येत नाही. द्राक्षाच्या बियांतील तुरट द्रव्यांचा एक मूळ घटक कॅटेचिन, आणि ते नाव रसायनशास्त्राने घेतले आहे ते खैराच्या कातावरून. पाश्चात्त्य शरीरशास्त्र तुरटपणाला चव मानीत नाही. लाळेतील प्रथिने बांधली गेल्याने होणारा तो स्पर्श आहे, असे ते सांगते. आपल्या षड्‌रसांत मात्र कषाय हा स्वतंत्र रस आहे, आणि त्याच शब्दाने तांबूस रंगही सांगितला जातो. तांबड्या वाइनसाठी याहून समर्पक शब्द परका असण्याचे कारण नाही.

डेव्हिड ह्यूमने 1757 च्या आपल्या अभिरुचीविषयक निबंधात ‘डॉन किहोते’तील सांको पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. एकाला पिंपातील वाइनमध्ये चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले, पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. अभिरुचीला वस्तूत आधार असतो, हा ह्यूमचा निष्कर्ष. उलट कांटने 1790 मध्ये कॅनरीच्या वाइनचेच उदाहरण घेऊन म्हटले की ती ‘मला’ सुखद आहे एवढेच म्हणता येईल. सौंदर्याचा दावा सर्वांसाठी असतो, सुखदतेचा नव्हे. आपल्याकडे रा. भा. पाटणकरांच्या विवेचनामुळे कांटची ही विभागणी समीक्षकांच्या अंगवळणी पडली. माजिवड्याच्या त्या संध्याकाळी दोघांचेही अर्धेच खरे ठरले. किल्ली पिंपात होती, परंतु प्रत्येकाची जीभ ती शोधण्यास समर्थ नव्हती. आणि कांटला अभिप्रेत असलेली हितसंबंधनिरपेक्ष वृत्ती? ती ज्याच्या घरात दारूने कोणी मेले नाही त्याला सहज साधते. शेजाऱ्यांनी ती क्षणभर साधली, पण तिची किंमत त्यांना ठाऊक होती. इतरांना ती फुकट मिळालेली होती. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद 2022 मध्ये सुपरमार्केटमधील विक्रीच्या प्रस्तावावरून महाराष्ट्रात गाजला. त्यात चवीचा मुद्दा नव्हता आणि या किंमतीचाही नव्हता.

आणखी एक धडा समीक्षेने घेण्याजोगा आहे. बोर्दो येथे झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. 1976 मध्ये पॅरिसला नावे झाकून झालेल्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनी तांबड्यांत पहिला क्रमांक दिला तो कॅलिफोर्नियातल्या स्टॅग्ज लीप या अवघ्या काही वर्षांच्या द्राक्षमद्यशाळेच्या 1973 च्या कॅबर्नेला. काहींनी तर कॅलिफोर्नियाची वाइन फ्रेंच म्हणून वाखाणली. आय. ए. रिचर्ड्‌सनी कवींची नावे झाकून केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या, तेव्हा असाच गोंधळ उडाल्याचे 1929 च्या त्यांच्या ग्रंथात नोंदलेले आहे. ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘महानगरी’ ही लेबले आपण कवितासंग्रहाच्या बाटलीवर आधी वाचतो आणि मग ‘रांगडे’, ‘धगधगते’, ‘तुटलेपण’ हे शब्द आपोआप जिभेवर येतात. तो वाचनाचा अनुभव नसतो. रंग पाहून काढलेला वास असतो.

मात्र लेबल काढून टाकले की काम संपत नाही. काताची पेटी त्या शेजाऱ्यांच्या आयुष्यात होती म्हणून तो शब्द त्यांना सुचला, आणि ज्या आयुष्याने शब्द दिला त्यानेच पेला दूर ठेवायला लावला. आस्वाद आणि आयुष्य यांची ही गाठ सोडवता येणार नाही; तशी ती सोडवूही नये. मराठीपाशी तुरट आहे, आंबूस आहे, धुरकट, मातकट, करपट, मचूळ आहे. शब्दांचे दारिद्र्य नाही. उणीव आहे ती चव लागल्यावर, परक्या मासिकाकडे किंवा जुन्या नाटकाकडे न पाहता, जे लागले तेच सांगण्याच्या सवयीची. ती सवय पेल्याच्या बाबतीत नसली तर फारसे बिघडत नाही. कवितेच्या बाबतीत नसली, तर ‘आस्वाद’ हा शब्द आपण आणखी किती काळ वापरावा, याचा विचार करावा लागेल.