उबेचा बंदोबस्त

सुरतेस थंडी पडते, हे विधान धुळे-नंदुरबारकडून येऊन येथे स्थायिक झालेल्या मंडळींसमोर करावयास थोडे धैर्यच लागते. कारण ज्यांच्या गावी पौषात पारा एक आकड्यावर उतरतो आणि माणसे शेकोटीभोवती बसून सूर्याची प्रतीक्षा करतात, त्यांना तापीच्या मुखाशी वसलेल्या या शहराची, पंधरा अंशांच्या आसपास रेंगाळणारी जानेवारीतली पहाट म्हणजे थंडीची नुसती नक्कल वाटते. अस्सल सुरतकराच्या लेखी तर हिवाळा हा मुख्यतः पोंक, उंधियू आणि पतंग यांचा ऋतू. इतिहासाचा कौलही याच बाजूचा आहे: सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली आणि विलायतेची लोकरी बनात गलबते भरभरून आणली, तेव्हा तिला पुरेसे गिऱ्हाईक मिळेना, जी खपली तीही बरीचशी हत्तींच्या झुलींसाठी आणि खोगिरांसाठी. माणसाने अंगावर घ्यावी इतकी थंडी या मुलखात होतीच कुठे?

परंतु या सौम्य थंडीविरुद्ध ज्याची कैफियत खरोखर ऐकून घेतली पाहिजे, तो फिर्यादी अद्याप बोलू लागलेला नसतो. नवजात अर्भकाच्या देहाला, वजनाच्या मानाने पाहिले तर, प्रौढाच्या सुमारे तिप्पट कातडी लाभलेली असते, आणि तिच्यातून उष्णतेचा व्यय अव्याहत चालू असतो. एकट्या मस्तकाचा वाटाच जवळजवळ पाचव्या हिश्श्याचा. आपण कुडकुडून तरी अंगात ऊब आणतो, अर्भकाला ते नीट साधत नाही. मानेमागे आणि खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध निसर्गाने साठवून दिलेली तपकिरी चरबी जाळीत ते आपले तापमान साडेछत्तीस अंशांच्या वर कसेबसे राखते, आणि जे मूल दिवस भरण्यापूर्वीच जन्मास आले त्याच्या खजिन्यात ही शिल्लकही बेताचीच असते. म्हणून ज्या पहाटे आपण पंखा बंद करून चादर जरा वर ओढतो, त्याच पहाटे ओल्या बाळोत्यात पडलेले मूल गारठू शकते. आणि गारठलेले मूल रडून घर डोक्यावर घेत नाही, ते शांत होत जाते, हे सर्वांत भयावह.

आमच्या जुन्या बायकांनी या संकटावर जो बंदोबस्त करून ठेवला होता, त्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. झबले, टोपरे, दुपटे, बाळोती आणि कुंची ही सगळी सामग्री बाळाच्या आगमनापूर्वीच पेटीत जमा होई. आणि या साऱ्यांच्या तळाशी असे ती आजीच्या विरलेल्या सुती लुगड्याची गोधडी, जिचे टाके इतके लहान आणि इतके दाट असत की बाळाच्या पाठीला एकही सुरकुती टोचू नये. शेकडो वेळा धुऊन मऊ झालेले ते सूत घाम शोषून घेई, हवा खेळती ठेवी, आणि ओले झाले तर दुपारच्या उन्हात पुन्हा कोरडे होई. विरोधाभास असा की साऱ्या हिंदुस्थानाला साड्या पुरविणाऱ्या सुरतेत हीच वस्तू आता दुर्मिळ होऊन बसली आहे. येथील माग अहोरात्र विणतात ते बहुतांशी पॉलिएस्टर. त्याची साडी झगझगीत, स्वस्त आणि टिकाऊ खरी, पण तिची गोधडी केली तर ती गुळगुळीत, घसरती, घाम न पिणारी होते. मागावर राबणाऱ्याच्या घरात कापडाला तोटा नाही आणि बाळाखाली अंथरावयास सुती लुगडे नाही, असा हा प्रकार.

सुरतेच्या लिंबायत भागात एका खानदेशी कुटुंबाकडे गेल्या पौषात बाळ पाहावयास गेलो होतो. खोली एकच, बाळाचा बाप मागावर रातपाळीस, म्हणून दिवसा तो भिंतीकडे तोंड करून निजलेला, आणि मध्यभागी गुजराती पद्धतीचे घोडियू, म्हणजे लाकडी चौकटीला टांगलेली कापडाची झोळी. झोळीत बाळ होते असे मला सांगण्यात आले, कारण दिसत होती ती केवळ वाघाचे चित्र असलेली जाड केसाळ रजई, कुणीतरी मोठ्या प्रेमाने आहेर केलेली, आणि तिच्या कडेतून डोकावणारे कुंचीचे रेशमी काठ. कुंचीचे बंद हनुवटीखाली घट्ट बांधलेले होते. आजीने रजई बाजूस सारली आणि माझा हात धरून बाळाच्या मानेमागे टेकविला. "बघा भाऊ, केवढा घाम!" आणि मग झोळीच्या तळाला खालून स्पर्श करावयास लावला; ते कापड गारढोण होते. "वरून भट्टी अन् खालून वारा. सकाळी आशाताई हेच सांगून गेल्या, पण सूनबाईला वाटतं, एवढी महागाची रजई ठेवायची कशाला?"

या दोन स्पर्शांत सगळे शास्त्र आले. अधांतरी टांगलेल्या झोळीला खालून हवा लागते, तेव्हा थंडीचा खरा शिरकाव तळाकडून होतो आणि पांघरुणाचा ढीग मात्र वर चढतो. शिवाय झोळ पडलेल्या कापडात बाळाची हनुवटी छातीवर येऊन श्वासाचा मार्ग आवळू शकतो; रात्रीच्या दीर्घ निद्रेसाठी सपाट, कठीण अंथरूणच बरे. ब्रिस्टल येथे पीटर फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांचा जो अभ्यास केला, त्यात पालथे निजविणे आणि अतिरिक्त पांघरूण घालणे ही दोन्ही कारणे घातक आढळली. 1991 साली इंग्लंडात मुलांना उताणे निजविण्याची सार्वत्रिक ताकीद निघाली आणि अशा मृत्यूंची संख्या काही वर्षांतच निम्म्याहून खाली आली. तेव्हा कुंची ही बाहेर मिरविण्याची वस्तू. घरात, निद्रेच्या वेळी, तिचे बंद सोडून ती खुंटीला लावावी. उशी, लोड, केसाळ खेळणी यांचीही बाळाच्या अंथरुणातून रवानगी करावी.

बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवल्या जाणाऱ्या शेगडीबद्दल मात्र मी आजीबाईंचे काहीएक ऐकणार नाही. ओवा आणि शेपा यांच्या धुरीचे गुणगान मी पुष्कळ ऐकले आहे, परंतु दारे-खिडक्या बंद केलेल्या दहा-बारा फुटी खोलीत धगधगणारे निखारे जो रंगहीन, गंधहीन वायू सोडतात, तो माय-लेकरांना झोपेतून उठू देत नाही. बाजेखालची शेगडी कायमची बंद झाली पाहिजे, यात तडजोड नाही.

थंडी वाईट, उबेचा अतिरेकही वाईट, मग करावे काय, याचे उत्तर आमच्याच गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची घरीच निगा राखण्याचे शिक्षण दिले. त्यांच्या झोळ्यांत तापमापक, तराजू आणि कमी वजनाच्या बाळासाठी शिवलेली उबदार पिशवी असे, जी अंगाबरोबर राही आणि तोंडावर सरकत नसे. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. अर्थात त्यात जंतुसंसर्गावरील उपचारांचा वाटाही मोठा होता. 2011 पासून सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांकरवी देशभर स्वीकारली, आणि लिंबायतच्या त्या खोलीत सकाळी येऊन गेलेली आशाताई ही त्याच परंपरेतली.

त्याहूनही स्वस्त उपाय 1978 च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरी, उबपेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा, डॉ. एड्गर रे यांनी योजला: लहानग्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी, कातडीस कातडी लावून, अहोरात्र बांधून ठेवावे. यात आईच असली पाहिजे असेही नाही; बाप जागा असेल तोवर त्याची छातीही तितकीच उपयोगी. मला त्या भिंतीकडे तोंड करून निजलेल्या तरुणाची आठवण होते, ती यासाठी. रातपाळीहून परतून, आंघोळ करून, झोप लागण्यापूर्वी तासभर त्याने बाळ छातीशी धरले असते तर सूनबाईलाही डोळा लागला असता. आमच्या घरांत बापाच्या छातीवर हा हक्क अजून कुणी सांगितलेला नाही, आणि मला वाटते, तो सांगण्याची वेळ होऊन गेली आहे.

तेव्हा या हिवाळ्यात ज्यांना बाळ पाहावयास जायचे आहे त्यांना विनंती एवढीच, की केसाळ रजईऐवजी घरातले एखादे जुने, धुतलेले सुती लुगडे घेऊन जावे. आणि ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांनी रात्री एकदा त्याच्या पोटाला आणि पायांना हात लावून पाहावा: पोट ऊन पण पाय गार असतील तर बाळाला छातीशी घ्यावे, पोटही गार असेल आणि बाळ दूध ओढीनासे झाले असेल, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि दवाखान्यापर्यंत त्याला तसेच, अंगाला अंग लावून, वरून शाल घेऊन, तोंड मोकळे ठेवून न्यावे.