कशासाठी पळतेस?

पिरंगुटात पहाटे पळणाऱ्या पोरीला रस्त्यावरची माणसं एकच विचारतात, "कुठली भरती?" विचारण्यात आपुलकी असते. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर पळावं लागतं, मुलींना आठशे. मुलीनं ते अंतर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपवलं की वीसपैकी वीस गुण पडतात. त्या वीस गुणांवर मुळशी तालुक्यातली कितीतरी घरं सावरली आहेत. जमीन गेली, प्लॉटिंगचे पैसे आले तसे संपले, आणि मग घरातल्या एका लेकराच्या पायांवर घरानं भरवसा टाकला. अशा गावात पळण्याला कारण विचारलं जाणारच.

मी पाच हजार आणि दहा हजार मीटर पळते. भरतीच्या मैदानावर मुलींना एवढं अंतर कुणी पळायला लावत नाही. त्यामुळे माझं उत्तर ऐकून काका-मामा जरा थांबतात. "मग एवढं कशासाठी गं?" हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड, आणि विद्यापीठाकडून पळण्याचा माझा शेवटचा हंगाम सगळा त्याच प्रश्नाच्या सोबतीनं गेला.

हा हंगाम पावसात सुरू होतो. पिरंगुट-लवळे पट्ट्यात भातलावणी उरकली, खाचरांत इंद्रायणी आणि आंबेमोहोर हिरवेगार उभे राहिले की क्रॉस कंट्रीची तयारी लागते. पिरंगुटच्या घाटात चढ मारायचे, लवळ्याच्या रस्त्याला लांब पळायचं, चिखलात शूज जड झाले तरी पाऊल आखडायचं नाही. भात कापणीला येतं तेव्हा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येतात, मग आंतरविभागीय, आणि त्यातून विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथे वयाची अट पंचविशीची. पंचविशी जवळ आली, पदवी आणि एम.ए. दोन्ही झाली, की कितीही दम शिल्लक असला तरी त्या चेस्ट नंबरवरचा आपला हक्क संपतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांचा. म्हणून संघाच्या शिबिरात एका खोलीत तीन प्रकारची मराठी ऐकू येते. नाशिककडच्या मुलींकडे मी पहिल्यापासून आदरानं बघत आले. सावरपाड्याची कविता राऊत 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, आणि त्या डोंगरपट्ट्यातल्या वाडीवाडीत मुली पळू लागल्या. नाशिकचीच संजीवनी जाधव 2017 च्या तैपेईतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारात रौप्यपदकापर्यंत पोहोचली. आम्हा विद्यापीठाच्या मुलींना ते रौप्य फार जवळचं वाटायचं, कारण तीही याच पायऱ्या चढली होती. एवढ्या पायऱ्यांच्या टोकाला खरोखर जग आहे, हे तिच्यामुळे पटलं.

तरीही पदकाची आशा हे माझ्या पळण्याचं पुरेसं कारण कधीच नव्हतं. ते मला पाच हजार मीटरच्या तिसऱ्या किलोमीटरनं शिकवलं.

पाच हजार म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या. पहिला किलोमीटर हुरूप पळवतो. बंदुकीचा आवाज, कोपरं, स्पाइक्सची खरखर, पुढे राहण्याची धडपड. पाय आपले नसल्यासारखे हलके पडतात आणि सर बाहेरून "हळू, हळू" ओरडत असतात. शेवटच्या किलोमीटरला शेवट दिसत असतो. घंटा वाजते, गॅलरीतली माणसं उठून उभी राहतात, शरीर कुठूनतरी उरलंसुरलं काढून देतं. तिसऱ्या किलोमीटरला यांतलं काहीच मदतीला येत नाही. हुरूप संपलेला, शेवट लांब, पिंढऱ्या भरून आलेल्या, श्वास दोन पावलांना एक असा आखूड झालेला. बघणाऱ्यांचं लक्षही तेव्हा उंच उडीकडे नाहीतर भालाफेकीकडे गेलेलं असतं. वेग मात्र इथेच पडतो. शेवटी जिला आपण "फिनिशला मारलं" म्हणतो, ती बहुतेक वेळा तिसऱ्या किलोमीटरलाच मागे राहिलेली असते.

तिथे कुठलंही कारण उपयोगाला येत नाही. पदक आठवून पाय उचलत नाही, आईवडिलांचे कष्ट आठवून श्वास मोकळा होत नाही. पुढची फेरी पहिलीइतक्याच वेळात काढायची एवढंच काम समोर असतं, आणि ते काम आवडत असेल तरच होतं. त्या दोन-तीन फेऱ्या मला खरोखर आवडतात, हे मला या शेवटच्या हंगामात कळलं. दुखतं तरीही आवडतात असं नाही. त्या वेळी मी पूर्ण तिथे असते, अंगाचा कुठलाच कोपरा दुसरीकडे नसतो, म्हणून आवडतात. असं पूर्ण असणं मला वर्गात, घरात, मोबाइलसमोर क्वचितच लाभलं.

आजीला मी हे सांगायला गेले. आजीचं आजोळ मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ती म्हणाली, "आमची माणसं पळाली नाहीत, म्हणून तर मार खाल्ला." मग तिनं तिच्या आईकडून ऐकलेल्या सत्याग्रहाच्या गोष्टी सांगितल्या. 16 एप्रिल 1921 ची रामनवमी. टाटा कंपनीच्या धरणात गावं बुडणार म्हणून मावळे बांधकामाच्या जागी जाऊन बसले. पुढे पांडुरंग महादेव बापट या लढ्यात असे उतरले की सेनापती हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. धरण झालंच. मुंबईला वीज गेली आणि मुळशी पेट्यातली गावं पाण्यात गेली.

मला या गोष्टीला लागून असलेली दुसरी एक गोष्ट माहीत होती. मुळशीचं धरण बांधणाऱ्या टाटा उद्योगाचे प्रमुख तेव्हा सर दोराबजी टाटा होते, आणि तेच पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षही होते. पिरंगुटपासून विसेक किलोमीटरवरच्या त्या मैदानात 1919-20 च्या सुमारास त्यांनी खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली. स्पर्धेचे नियम त्या पोरांना धड माहीत नव्हते, पण त्यांच्या वेळा पाहून दोराबजींना वाटलं, ही पोरं जगात पळू शकतील. त्यांनी पदरचे पैसे घातले, इतरांकडून गोळा केले आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन ते 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पळाले आणि एकोणिसावे आले. अँटवर्पची ती मॅरेथॉन पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती, आजच्या ठरलेल्या अंतरापेक्षा जास्त.

एकाच माणसानं शेतकऱ्याच्या पायांतला वेग ओळखला आणि त्याच्याच कंपनीनं शेतकऱ्याच्या पायांखालची जमीन घेतली, अवघ्या वर्षा-दोन वर्षांच्या अंतरानं. घाट चढताना मी कितीदा हे दोन्ही एका मापात बसवायचा प्रयत्न केला, आणि ते बसत नाही. बसू नयेच. दोराबजींचं ऋण मी मानते, कारण त्यांच्याशिवाय या देशातल्या धावपटूला ऑलिंपिकची वाट इतक्या लवकर सापडली नसती. आणि आजीच्या माणसांचंही मानते. ते हरले, तरी जागेवरून उठले नाहीत. तिसऱ्या किलोमीटरला मला चौगुल्यांपेक्षा तीच माणसं जास्त आठवतात. तिथे वेगाआधी टिकून राहणं लागतं, आणि ते माझ्या रक्तात त्यांच्याकडून आलं आहे असं मी मानते.

मुलींच्या वाट्याला ही अंतरंही उशिराच आली. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर पळाल्या, काहीजणी शर्यतीनंतर दमून मैदानावर बसल्या, आणि एवढ्यावरून ती शर्यत 1960 पर्यंत बंद ठेवली गेली. पुरुष दमून पडले तर शर्थ केली म्हणायचं आणि बाई दमली तर तिला झेपत नाही म्हणायचं, ही रीत तेव्हापासूनची. स्त्रियांची मॅरेथॉन 1984 ला आली, दहा हजार मीटर 1988 ला, पाच हजार 1996 ला, स्टीपलचेस तर 2008 ला. त्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत 2016 साली रिओमध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर पळाली, दहावी आली. दुष्काळी माणची पोरगी पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घेत होती. माझं अंतर माझ्यापर्यंत पोहोचावं म्हणून कितीजणी आधी दमल्या असतील, हे मी स्टार्ट लाइनवर विसरत नाही.

आणि आणखी काही बायका आहेत, ज्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. पहाटे उरवड्याच्या रस्त्याला पळताना एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला निघालेल्या बायका भेटतात. डोक्याला स्कार्फ, हातात डब्याची पिशवी, भरभर चाललेल्या. त्यांतल्या कितीतरी माझ्याच वयाच्या. 7 जून 2021 ला याच भागातल्या एका कारखान्यात आग लागली आणि सतरा कामगार गेले, बहुतेक बायकाच. तेव्हापासून या रस्त्यानं पळताना मला माझं पळणं फुकट मिळालेलं वाटत नाही. कारणाशिवाय पळण्याची सवड कुणीतरी मला दिली. बाबांनी कंपनीच्या बसवर जादा पाळ्या केल्या, आईनं शेतातलं माझ्या वाटणीचं काम उचललं, कॉलेजनं फी सांभाळून घेतली, विद्यापीठानं प्रवासभत्ता आणि ट्रॅकसूट दिला. खेळाडू विद्यार्थी म्हणजे अशी व्यक्ती, जिच्या निरुपयोगी वाटणाऱ्या कामासाठी चार-सहा वर्षं सगळ्यांनी वाट पाहिलेली असते.

माझी शेवटची शर्यत मी जिंकले नाही. तिसऱ्या किलोमीटरच्या फेऱ्या मात्र मी आजवर कधी काढल्या नव्हत्या इतक्या एकसारख्या निघाल्या. रेषा ओलांडल्यावर सरांनी घड्याळ दाखवलं आणि "मधला भाग बघ" एवढंच म्हणाले. नाशिकच्या मैत्रिणीनं पाण्याची बाटली पुढे केली. पुढच्या वर्षी ती पळेल, मी नसेन. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. संघाच्या त्या खोलीत असलेलं काही माझ्याकडे परत येणार नाही. सगळ्यांच्या अंगाला एकाच वेदनाशामक मलमाचा वास, एकीच्या पायात गोळा आला की तिघींनी धावणं, कुणाची वेळ सुधारली की जिची सुधारली नाही तिनंच सर्वांत आधी मिठी मारणं.

विद्यापीठानं माझ्याकडून एक गोष्ट घेतली नाही. ती म्हणजे पळणं. चेस्ट नंबर गेला, मोसमाचं वेळापत्रक गेलं, निवडीची धाकधूक गेली. तिसरा किलोमीटर अजून माझा आहे, आणि तो ट्रॅकवरच भेटायला हवा असं नाही.

गावातल्या भरतीच्या मुली हल्ली माझ्याबरोबर पळायला येतात. त्यांचं लक्ष आठशे मीटरवर आहे आणि ते असायलाच हवं. मी त्यांना हात कसे ठेवायचे, पहिले दोनशे कसे आवरायचे, वळणावर आतली बाजू कशी धरायची हे सगळं सांगते. त्यांतली प्रत्येकजण वर्दीत दिसावी असं मला मनापासून वाटतं. पण आठवड्यातून एकदा मी त्यांना लांब नेते, घोटावडे फाटा ओलांडून कासार अंबोलीच्या बाजूला, जिथपर्यंत कुठलेच गुण मिळत नाहीत. परवा त्यांतल्या एकीनं धापा टाकत विचारलं, "ताई, हे कशाला?" मी तिला सांगितलं, भरती झाली तरी आणि नाही झाली तरी, पळायचं सोडू नकोस. गुण देणारं पळणं आठशे मीटरला संपतं. त्याच्या पुढचं सगळं तुझं स्वतःचं आहे, आणि ते कुणाला कारण न सांगता घ्यायचा तुला पूर्ण हक्क आहे.