पौषातलं ऊन

आईच्या पलंगापासून उन्हापर्यंत सात पावलं होती. धडधाकट माणूस तेवढं अंतर दोन ढांगांत ओलांडेल. पण आधी वॉकर पुढे ठेवायचा, मग एक पाय टेकायचा, दुसरा हळूच त्याच्या शेजारी आणायचा, असं चालणाऱ्याला ती सात पावलं होती.

दसरा झाला आणि दोन दिवसांनी आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि दिवाळी पलंगावरच गेली. डिसेंबरात ती वॉकर धरून उभी राहायला लागली, पण पाऊल काही टाकेना. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी रोज आर्जवं करायची, “आजी, फक्त चार पावलं.” आईचं उत्तर ठरलेलं, “पौष तोंडावर आलाय गं. संक्रांत होऊ दे, मग बघू.”

आमच्याकडे पौषात नवीन काही सुरू करत नाहीत. या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र पुष्य नक्षत्राच्या आसपास असतो, तो पौष. नावात पुष्टी आहे, तरी लोक त्याला भाकड महिना म्हणतात. मलाही तो लहानपणापासून तसाच वाटत आला होता. मार्गशीर्षातले गुरुवार संपलेले असतात, संक्रांत अजून लांब असते आणि मधले दिवस नुसते गारठलेले. यंदा तो २१ डिसेंबरला लागला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या अगदी उंबरठ्यावर.

त्याच आठवड्यात खोबरेल तेल थिजलं. पारा २४ अंशांच्या खाली उतरला की खोबरेल गोठायला लागतं, त्यामुळे पुण्यातल्या थंडीची पहिली वर्दी हवामान खात्याच्याही आधी तेलाची बाटली देते. आईच्या पायाला लावायचं होतं, म्हणून मी ती बाटली खिडकीतून येणाऱ्या उन्हात, फरशीवर ठेवली. आई पलंगावरून पाहत होती. कडेचं तेल आधी पातळ झालं. मधला पांढरा गोळा कडेपासून सुटला, बारीक होत गेला आणि शेवटी दिसेनासा झाला. पाऊण तासाचा तो कार्यक्रम आईने डोळ्यांची पापणी न हलवता पाहिला. मग म्हणाली, “त्या बाटलीसारखं मलाही ठेव जरा उन्हात.”

मी खुर्ची उन्हात मांडली. आईने वॉकर पुढे सरकवला. मुहूर्त पाहिला नाही, पौष आठवला नाही. सात पावलं झाली.

आमचं घर सदाशिव पेठेतलं, जुनं. खाली शहाबादी फरशी आहे आणि या खोलीला दक्षिणेची एकच खिडकी. समोर दुमजली वाडा होता, त्यामुळे तिच्यातून कधी धड ऊन आलं नाही. गेल्या वर्षी वाडा उतरवला आणि जागेला निळे पत्रे लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हिवाळ्यातलं ऊन घरात आलं आणि तेही नेमकं ज्या वर्षी आईला बाहेर जाता येत नव्हतं, त्या वर्षी.

आई पोचेपर्यंत खुर्ची बरोबर उन्हात हवी, म्हणून दुपारी साडेबाराला मी उन्हाच्या आतल्या कडेवर खडूने रेघ ओढायला लागले. खिडकीच्या भिंतीपासून रेघ पावणेपाच फुटांवर. पहिल्या दिवशी वाटलं, रोज एक रेघ ओढायची, महिन्याभरात शिडीसारखी नक्षी तयार होईल. तसं झालंच नाही. दुसऱ्या दिवशीची रेघ पहिलीवरच पडली, तिसऱ्या दिवशीचीही. आठ-दहा दिवस मी त्याच रेघेवर खडू फिरवत होते. रेघ जाड झाली, पुढे सरकली नाही. ऊन जणू तिथेच बसून राहिलं होतं.

शाळेत शिकलेलं तेव्हा कुठे उमगलं. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो तेव्हा झोका वरच्या टोकाला गेल्यासारखा असतो, वळण्याआधी जवळजवळ थांबतो. २२ डिसेंबरच्या मागच्या-पुढच्या दहा दिवसांत त्याच्या दुपारच्या उंचीत अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. फरक नसतो असं नाही. तो खडूच्या रेघेच्या जाडीत मावतो, एवढंच.

आईचंही तसंच चाललं होतं. रोज सात पावलं जाताना, सात येताना. आठवडा झाला तरी आकडा तोच. मी व्यायामाच्या वहीत “सात, सात, सात” असं लिहीत होते आणि मनातून खट्टू होत होते. पण एकदा ती खुर्चीशी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आज मध्ये थांबून तिने श्वास घेतला नव्हता. हे वहीत लिहायला रकानाच नव्हता.

पहाटे उठणाऱ्या माणसाला पौष आणखी एक हुलकावणी देतो. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होत जाणार, म्हणून आपण सकाळकडे डोळे लावून बसतो आणि सकाळी तर अंधार वाढतच जातो. पुण्यात २२ डिसेंबरला सूर्य सातनंतर दोन-तीन मिनिटांनी उगवतो, संक्रांतीला ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास. मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडायचे तेव्हा जिन्यातला दिवा लावावा लागायचा आणि वाटायचं, कसला वाढतोय दिवस! वाढत असतो तो संध्याकाळच्या बाजूने. नोव्हेंबरअखेर सहाच्या आत बुडणारा सूर्य संक्रांतीला सव्वासहा ओलांडून बुडतो. सकाळची सात मिनिटं जातात, संध्याकाळी चौदा मिळतात. तीन आठवड्यांत हाती उरतात सहा-सात मिनिटं. दिवस तिळातिळाने वाढतो, असं आपली माणसं म्हणत आली, ते किती मोजूनमापून म्हटलेलं आहे! घड्याळ हाताशी नसताना कोणीतरी हे पाहिलं असणार, अंगणातल्या सावलीवर नाही तर भिंतीवर सरकणाऱ्या उन्हावर.

३ जानेवारीला शाकंभरी पौर्णिमा होती. त्याच दिवशी पृथ्वी वर्षभरात सूर्याच्या सगळ्यात जवळ आली. १४ कोटी ७१ लाख किलोमीटर अंतर, जुलैतल्यापेक्षा ५० लाख किलोमीटरने कमी. तरी आई दोन शाली घेऊन बसली होती. ऊब अंतरावर नसते, ऊन किती तिरपं पडतं आणि किती वेळ पडतं, यावर असते. पण ते तिरपं आहे म्हणूनच तर घरात येतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा या खिडकीतून आत पाऊल टाकत नाही. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत तर पुण्यात भरदुपारी तो उत्तरेकडे असतो. नको असतं तेव्हा ऊन उंबऱ्याबाहेर राहतं आणि हवं असतं तेव्हा फरशीवरून चालत माणसाच्या पायाशी येतं. हे कोणी आपल्यासाठी योजलेलं नाही, हे मला कळतं. तरी त्या चौकोनात बसलेल्या आईच्या पावलांवर ऊन पडलेलं पाहताना हात जोडावेसे वाटायचे.

भोगीच्या आदल्या दिवशी आईने परात मागून घेतली. उन्हात बसून तिने पावटे सोलले, ओला हरभरा सोलला, वालपापडीच्या शिरा काढल्या. एकही शीर राहू दिली नाही. मी स्वयंपाकघरात तीळ भाजत होते. तीळ तडतडायला लागले तसा तिचा आवाज आला, “बस झालं, उतरव. करपतील.” ऑक्टोबरपासून तिने स्वयंपाकात लक्ष घातलं नव्हतं. मी कढई खाली उतरवली. तीळ नेमके बदामी झाले होते.

संक्रांतीला, १४ जानेवारीला, खडूची रेघ पाच-साडेपाच इंच खिडकीकडे सरकलेली होती. सूर्य चढत होता, ऊन मागे हटत होतं. खुर्चीही तेवढी मागे गेली आणि आईला एक पाऊल जास्त टाकावं लागलं. ते तिला कळलं नाही. मला कळलं, कारण मी मोजत होते. दुपारी मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, “झाली संक्रांत. आता चालायला सुरुवात करायची ना?” ती माझ्याकडे पाहत राहिली. मग फरशीवरच्या रेघांकडे पाहिलं आणि हसली.

पौषाला भाकड म्हणणं मी सोडून दिलंय. भाकड गाय दूध देत नाही तेव्हा पुष्कळदा तिच्या पोटात वासरू वाढत असतं, हे गोठ्यातल्या माणसाला माहीत असतं. त्या महिन्यात काही होत नाही असं नाही. होतं ते इतकं बारीक असतं की लग्नमुंजीच्या गडबडीत दिसलंच नसतं. मोकळा ठेवलेला महिना मला आता रिकामा वाटत नाही. बघायला सवड मिळावी म्हणून कोणी जागा सोडावी, तसा तो वाटतो.

समोरच्या जागेवर आता यंत्र आलंय, पाया खणायला घेतलाय. पुढच्या पौषापर्यंत तिथे किती मजले चढतील, कोण जाणे. या खिडकीतलं ऊन कदाचित एका हिवाळ्यापुरतंच होतं. म्हणून सांगते, तुमच्या घरात दुपारचं ऊन येत असेल तर त्याच्या कडेला एकदा खडूने रेघ ओढून ठेवा. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याची खुर्ची तिथे मांडा.

२५ जानेवारीला रथसप्तमी झाली. तुळशीपुढे गोवरीच्या विस्तवावर दूध उतू घालवलं. ऊन पहिल्या रेघेपासून जवळजवळ फूटभर मागे गेलं होतं. त्या दुपारी आई नऊ पावलं चालली.