शून्य चुका

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी पंधरा दिवस पडद्याकडे बघायला मनाई केली, म्हणून सकाळचे लॉग वाचायला हाताखालच्या मुलीला बसवलं. ती मोठ्याने वाचायची, मी डोळे मिटून ऐकायचो. शून्य ॲलोकेशन, शून्य कन्सिस्टन्सी. काकड आरतीच जणू. तिसऱ्या दिवशी आरती थांबली.

"सर, लॉकरचा डेटाबेस यात नाहीये."

असेल, म्हटलं, खाली बघ. खालीही नव्हता.

सहकारी बँकेचा सर्व्हर. डे-एंड लांबला की बॅकअप लांबतो, बॅकअप लांबला की चेकडीबी, म्हणजे डेटाबेसची तपासणी, सकाळच्या डे-बिगिनवर येऊन आदळते. म्हणून सोमवार ते शनिवार फिजिकल-ओन्ली, रविवारी पूर्ण. मार्चअखेरीलाही मी रात्र चुकवली नाही. पण डेटाबेसांची यादी 2009 साली हाताने लिहिलेली, तीच चालू.

स्वीडनच्या ओला हॅलेनग्रेनची स्क्रिप्ट फुकट मिळते. 'यूझर डेटाबेसेस' एवढं सांगितलं की असतील तेवढे सगळे ती स्वतः शोधते. मी ती लावली नाही. दुसऱ्याच्या स्क्रिप्टवर झोपायचं तर आपण कशाला, असं चारचौघांत म्हणायचो. हिरवे डॅशबोर्ड बघून घरी जाणाऱ्या पोरांना हसायचो. माझा भरवसा माझ्या डोळ्यावर. एकदा एररलॉगच्या गर्दीतून 825 उचलला होता मी! तीव्रता फक्त 10, दिसायला साधा निरोप. आधी वाचता न आलेलं पान पुन्हा प्रयत्न केल्यावर वाचता आलं, एवढंच सांगतो. डिस्कचा पहिला खोकला तो. डिस्क बदलली, नासलेलं पान सांगणाऱ्या 824ची पाळी आली नाही. ही गोष्ट न ऐकलेला माणूस आमच्या ऑफिसात सापडणार नाही.

पण डोळा वाचतो ते लिहिलेलं. नसलेली ओळ वाचायची कशी? उरलेले दिवस हेच घोळवत होतो. फसलेला जॉब ओरडतो. न लावलेला गप्प बसतो, आणि सकाळी सहा वाजता तो गप्पपणा शून्य चुकांसारखाच दिसतो. शेवटचा कधी तपासला, हे डेटाबेसलाच विचारता येतं. मला ठाऊक होतं. विचारलं तिने. उत्तर आलं, 1 जानेवारी 1900. म्हणजे कधीच नाही. विक्रेत्याच्या बॅकअपवरून तो आमच्याकडे उतरवला, त्याला चौदा महिने झाले होते. एखादं पान नासलं असतं तर रोज रात्री आम्ही ते इमानाने बॅकअपमध्ये भरत राहिलो असतो.

त्या रात्री पूर्ण तपासणी लावली. झोप नाही. पहाटे शून्य निघाले. सुटलो, पण त्या शून्यात माझी कर्तबगारी काहीच नव्हती, हे जास्त लागलं.

आता स्क्रिप्ट हॅलेनग्रेनची आहे. वरिष्ठांसाठी मी मेल लिहवून घेतली, "तपासणीची व्याप्ती वाढवली आहे." टाइप तिनेच केली, एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं वाचताना लॉकरच्या नावाशी ती जरा थांबली. की मलाच तसं वाटलं? माझे डोळे मिटलेले होते.